दगड आतून की बाहेरून

आज बाजारातून आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि दाराशी जाऊन कोळशाचं ढेकूळ उचललं. उचललं ते ठीक, पण कशासाठी ते काही केल्या आठवेना. दार उघडं राहावं म्हणून ढेकूळ त्याला टेकवायचं होतं, की बाजूला सारून दार लावायचं होतं? हात काळे झालेले, आणि मी आपली उंबऱ्यात उभी. नवरा खाणीतली पाळी संपवून खाटेवर पडला होता. त्यानं एक डोळा उघडला.

"काय करून राह्यली?"

"मले तरी काय माहीत," मी म्हटलं.

"मंग ठेव खाली. माहीत झालं का उचल," असं म्हणून त्यानं कूस बदलली. या माणसाला जगात कशाचाच गोंधळ होत नाही. दार लावलं तर लावलं, उघडं राहिलं तर राहिलं.

गोंधळाचं कारण पिशवीत होतं. बाजाराच्या तोंडाशी एक बाई टोपलीत मोह घेऊन बसली होती. यंदाचा पहिलाच. अजून सुकलेला नव्हता, पिवळसर, एकेक फूल रसानं फुगलेलं. आमच्या घरात मोह कोणी खात नाही, त्याचं मी काय करणार हेही मला ठाऊक नव्हतं, तरी ओंजळभर घेतला. माजरीच्या या हवेत कोळशाच्या धुळीशिवाय दुसरा वास फारसा टिकत नाही. आज मात्र वाटभर तो गोड, थोडा आंबूस वास माझ्या सोबत आला आणि घरात शिरताच मी दोन वर्षांपूर्वीच्या मोहाच्या मोसमात जाऊन पडले.

दाराला लावायच्या वस्तूंचा मला एरवीही फार विचार करावा लागतो. आमचं क्वार्टर खाणीच्या जवळ. दुपारी खाणीत सुरुंग उडाले की भिंती हलतात आणि उघडी दारं धाडकन आपटतात. म्हणून इथं ज्याच्या त्याच्या दाराशी काही ना काही असतंच. कोणी वीट ठेवतं, कोणी वाळू भरलेलं तेलाचं डबडं. शेजारच्या घरी बंद पडलेली इस्त्री आहे, आणि तिच्यावर अडखळल्याशिवाय त्या घरात पाहुणा शिरत नाही. आमच्याकडं कोळसा. तो झिजतो, त्याचे कोपरे पडतात, फरशीवर काळी रेघ उमटते, मग नवरा कुठून तरी दुसरं ढेकूळ आणतो. "लोकायच्या घरी कोळसा चुलीत जाते, आपल्या घरी दाराले," असं तो दर वेळी म्हणतो आणि दर वेळी त्याचं त्यालाच हसू येतं. नागपूरहून लेकीनं रबराची एक पाचर आणून दिली होती. छान लाल रंगाची. दाराखाली सरकवली की दार जागचं हलत नसे. पण तिचा दुसरा काहीच उपयोग नव्हता. तिनं खिळा ठोकता येईना, वाळत घातलेल्या वड्यांवरचा कपडा दाबता येईना. चार महिन्यांत ती झाडूबरोबर कुठं गेली ते कळलंच नाही, आणि कोणाला तिची आठवणही झाली नाही.

माहेरचा दगड तसा नव्हता.

माझं माहेर पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाला अगदी लागून. घराचं दार सागवानाचं, दोन फळ्यांचं, आत उघडणारं. ते बानं स्वतः बसवलं होतं आणि बसवताना चौकट जराशी कलली होती. त्यामुळं फळी उघडून सोडली की ती सावकाश, कुरकुरत परत लागायची. चूक बाची, पण दोष दाराला. "दाराले लाज आहे, उघडं राह्यत नाई," असं तो पाहुण्यांना सांगायचा. मग त्या लाजऱ्या दारासाठी त्यानं नदीतून एक दगड आणला. काळा, खाली चपटा, वर गुळगुळीत, साधारण भोपळ्याएवढा. त्याला आमच्या घरात नाव नव्हतं, 'दाराचा' एवढंच म्हणायचे. दाराचा आन गं, चिंचोके फोडायचे आहेत. दाराचा दे, खाट डुगडुगते. आई त्याच्यावर बसून केस विंचरायची. बा पाणी शिंपडून त्याच्यावर विळ्याला धार लावायचा. माझ्या लग्नात मांडवाचा दोर सैल झाला तेव्हा खुंटीवर तोच दगड आणून ठेवला होता, आणि दिवसभर दार लागत राहिलं म्हणून आत बायका कुरकुरत होत्या.

दिवसा तो दार उघडं धरायचा. दिवेलागणीला दार लावून, कडी घालून त्याच दगडाला आतून फळीशी टेकवायचं. वाघ-अस्वलाचा मुलूख, नुसत्या कडीवर कोणाचा भरवसा नसे. आणि मोहाच्या दिवसांत त्याचं आणखी एक काम असायचं, ते मात्र आमच्याकडं राहिल्याशिवाय समजायचं नाही.

मोह पहाटे गळतो. उजाडायच्या आत सगळं घर टोपल्या घेऊन रानात जातं. तेव्हा दार ओढून घ्यायचं, बाहेरून कडी अडकवायची आणि दगड बाहेर उंबऱ्याशी, बरोबर दोन फळ्यांच्या फटीसमोर ठेवायचा. खरं पाहिलं तर त्या दगडानं काहीच अडत नाही. दार आत उघडतं आणि दगड बाहेर. पण कडी दुरून दिसत नाही, दगड दिसतो. दगड बाहेर म्हणजे घरी कोणी नाही, सगळे मोहाला गेले. मग कोणी हाक मारत नाही, कोणी कडी वाजवत नाही. पाहुणा आलाच तर ओट्यावर बसतो, नाही तर रानाची वाट धरतो. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. चालायला लागलं की पोराला हेही कळत असतं.

त्या वर्षी भाऊ मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. आई आधीच गेलेली, घरी वहिनी आणि बा, दोघंच. बाचं डोकं आदल्या पावसाळ्यापासून निसटत चाललं होतं. आधी बैलांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, मग आमची. पण मोहाचा वास आला की तो पहाटे उठून टोपली शोधायचा. आणि त्या साली वाघ आमच्याच शिवारात फिरत होता. पलीकडच्या गावची एक बाई मोह वेचताना त्याच्या तोंडी गेली होती. बायका घोळक्यानं जात, मोठ्यानं बोलत. वहिनीनं मला फोन केला. ती कधी रडत नाही, तेव्हाही रडली नाही. फक्त म्हणाली, "बाई, तुमी या. मामाजीचं काय करू, मले समजून नाई राह्यलं."

म्हणजे प्रश्न एवढाच होता. वहिनी रानात असताना बाला घरात कोंडायचं की मोकळं सोडायचं. कोंडलं तर तो माणूस जितेपणी कोठडीत पडणार. मोकळं सोडलं तर रानात जाणार, आणि रानात वाघ. मी येताना एस.टी.त बसून वाटभर विचार केला. पोंभुर्णा येईपर्यंत मी त्याला मोकळं सोडायच्या बाजूनं होते, पुढं जंगल लागलं तशी कोंडायच्या.

घरापाशी पोचले तर दगड बाहेर.

मी आपली ओट्यावर जाऊन बसले. पिशवी मांडीशी घेतली. आता हसू येतं, पण तेव्हा मनात दुसरं काही आलंच नाही. मी बासाठीच आले होते, वहिनी त्याला घरी ठेवते हे मला ठाऊक होतं, तरी डोळ्यांना दगड दिसला आणि मी ठरवून टाकलं की घरी कोणी नाही. हाकसुद्धा मारली नाही. अंगणात कालचा मोह वाळत पडला होता, त्यावर माशा घोंघावत होत्या. ऊन चढत होतं. समोरून शेळ्या गेल्या, एक म्हातारा सायकल हातात धरून गेला. त्यानं दगडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता पुढं गेला.

इतक्यात घराच्या बाजूनं, परसातल्या वाडीच्या कुंपणाकडून, बा आला. धोतराला काटे लागलेले, खांद्यावर दुपट्टा, हातात रिकामी टोपली. वहिनीनं पुढून कडी लावली होती, पण उकाडा म्हणून मागचं दार वाडीत उघडं ठेवलं होतं, आणि बानं कुंपणात कुठं तरी फट काढली होती. तो अंगणात थांबला, दाराकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून अगदी अदबीनं म्हणाला,

"घरी कोनी नाई बाई. समदे मोहाले गेले. दगड लावला आहे."

"हो, दिसला मले," एवढंच म्हटलं.

"कोनाकडं आल्या?"

"इथीच."

"बसा मंग. येतीन आता, ऊन झालं," असं म्हणून तोही ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. आम्ही दोघं बाप-लेक आपल्याच घराच्या ओट्यावर परक्या घरच्या पाहुण्यांसारखी बसून राहिलो. त्यानं माझ्या गावची चौकशी केली, पाऊस कसा झाला ते विचारलं. मी उत्तरं देत होते. एकदा वाटलं, सांगावं की बा, मी तुझी लेक. पण तो इतका नीट, इतका शहाण्यासारखा बोलत होता की ते सांगून त्याला घोटाळ्यात टाकायची मला भीती वाटली. माझं नाव त्याच्या डोक्यातून गेलं होतं. त्या दगडाचा अर्थ मात्र जसाच्या तसा शिल्लक होता. हे चांगलं की वाईट, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

थोड्या वेळानं तो उठला. "मी निंगतो. माये लोक वाट पाहून राह्यले असतीन."

"थांबा ना जी. येतीन ते."

"नाई बाई. घरी कोनी नाई, मंग मी इथी बसून काय करू?"

त्याचं बरोबर होतं. त्याला घरात राखताना दाराशी ठेवलेल्या दगडानंच त्याला सांगितलं होतं की घर रिकामं आहे, आणि रिकाम्या घरी शहाणा माणूस बसून राहत नाही. तो निघाला आणि मी पिशवी तिथंच टाकून त्याच्या मागं निघाले. हात धरला तर त्यानं सोडवून घेतला, परक्या बाईनं हात धरावा हे त्याला आवडलं नाही. म्हणून मी दोन पावलं मागं राहून मोठमोठ्यानं बोलत चालले, पाऊसपाण्याचं, सोयाबीनचं, तोंडाला येईल ते. वाघासाठी बोलत होते. बाला वाटत असेल, ही बाई फार बोलते.

गावाबाहेरच्या नाल्याशी वहिनी भेटली. डोक्यावर टोपलं, मागं आणखी बायका. आम्हाला पाहून ती जागच्या जागी थांबली.

"मामाजी, तुमी बाहेर कसे? मी तं कडी लावली होती."

"कोनाची कडी?" बा म्हणाला. त्याला खरंच कळलं नाही.

घरी आल्यावर आमची दोघींची जुंपली. जुंपली म्हणजे आवाज चढला नाही, बा शेजारी जेवत होता. मी म्हटलं, जित्या माणसाला कोंडतं का कोणी? वहिनी भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. "कोंडत नाई बाई. राखून राह्यली. तुमी माजरीले बसून कोंडनं म्हनता. मले रोज पहाटे त्यायचा चेहरा पाहून कडी लावा लागते." मग म्हणाली, "कडी तं मी समजून लावतो. दगड कवा ठेवला, हाताले समजत बी नाई." एवढं ऐकल्यावर माझा राग कुठं गेला ते कळेना. राग तिच्यावर नव्हताच बहुतेक. मग कोणावर होता, तेही नक्की सांगता येत नाही.

त्या मोसमातले बरेच दिवस मी तिथं राहिले. पहाटे वहिनी जायची, मी दार उघडून दगड आतून फळीला लावायची आणि बाला उंबऱ्यात बसवायची. उघडं दार पाहून लोक येत. कोणी तंबाखू मळत बसे, कोणी नुसतंच "का जी, बरं आहे काय" म्हणून जाई. बा सगळ्यांना अदबीनं बसा म्हणायचा. कोण आलं हे त्याला कळत नसे, पण कोणी तरी आलं याचा त्याला आनंद व्हायचा. दुपारी मोहाच्या वासानं डोळे जड होत. अंगणातली फुलं सुकून तपकिरी होत चालली होती आणि वारा आला की दार दगडाशी थरथरायचं. माझं मन तिथं कधी नव्हे इतकं शांत होतं. पण हेही खरं की मी त्या शांततेत पाहुणी होते. माझं दार माजरीला होतं. त्याआधी एकदा बाला आम्ही क्वार्टरवर आणून पाहिलं होतं. पहिला सुरुंग उडाला तसा तो भिंतीला धरून उभा राहिला आणि दोन दिवस मागचं दार शोधत फिरला. इथं मागचं दार नाही.

माझं जायचं ठरलं. एका संध्याकाळी दगड आत ओढून दाराला टेकवताना ती म्हणाली, "तुमी गेल्यावर मी काय करू, तेवढं सांगून जा." मोठ्या तोंडानं मीच तिला कोंडू नको म्हटलं होतं. भाऊ परतायला अजून अवकाश होता, मोह अजून गळत होता, आणि वाघ कुठं होता कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, पाहू. पाहू म्हणजे काय पाहू, हे तिनं विचारलं नाही.

बा त्यानंतरच्या थंडीत गेला. घरीच, आपल्या खाटेवर, भाऊ आणि वहिनी जवळ असताना. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला कोणाला धास्ती घालायची नाही.

निघायच्या दिवशी वहिनी पहाटेच गेली. गाडीची वेळ झाली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. वाडीचं कुंपण आम्ही बुजवलं होतं, मागचं दार लावून घेतलं होतं. बाला चहा दिला, तो आतल्या अंगाला खाटेवर बसला होता. मी पुढच्या दाराशी आले आणि दगड उचलला. तशीच उभी राहिले, जशी आज इथं राहिले. वहिनी यायला अजून वेळ होता. कडी लावावी तर हात उचलेना. दार उघडं टाकून जावं तर पाय निघेना. गाडी चुकली तर चुकू दे, असंही वाटलं, पण मग उद्या काय? उद्याही हाच दगड, हेच दार. मला इतकं कोड्यात पडल्यासारखं कधी झालं नव्हतं, आणि समोर बा चहाची बशी फुंकत माझ्याकडं पाहत होता.

"दगड बाहेर लाव," तो म्हणाला.

मला वाटलं, चुकीचं ऐकलं. "काय म्हनलं बा?"

"बाहेर लाव. कडी नको लावू. नुसता दगड."

"काऊन?"

त्यानं बशी खाली ठेवली. मला ओळखून बोलला की त्या रोजच्या परक्या बाईशी बोलला, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण बोलला ते सरळ बोलला.

"लोक इकडून जातेत. बुढा घरी बसला दिसते त्यायले. दगड लावला का लोकायले वाटन, मी मोहाले गेलो."

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं. कडीला हात लावला नाही. दगड फटीसमोर ठेवला आणि पिशवी उचलत होते, तेवढ्यात शेजारची काकी रानातून परतताना अंगणाशी थांबली. डोक्यावरचं टोपलं एका हातानं सावरत तिनं दाराकडं पाहिलं.

"निंगाली काय बाई? बुढा कुठी गेला?"

"मोहाले गेला," मी म्हटलं.

"बरं झालं. लई दिस झाले, दिसला नाई रानात," ती म्हणाली आणि पुढं गेली. दाराच्या पलीकडं बा अगदी गप्प बसला होता. मी तिथं होते तोवर तो खोकलासुद्धा नाही.